लेकीच्या फोनमधली ताई

या वयात मला सवत आली, आणि तीही फोनमध्ये. हसू नका. नवऱ्यावरून मी जन्मात कधी जळले नाही. त्याच्याकडे कुणी ढुंकून बघितलं असतं, तर मीच तिला चहा विचारला असता. पण लेकीच्या बाबतीत मला वाटेकरी चालत नाही. एकुलती एक पोर, बाप गेल्यावर मीच वाढवली, तिच्या पोटातलं माझ्या कानावर आल्याशिवाय तिचा दिवस मावळायचा नाही.

झालं असं, की लेक बाळंत झाली. मुलगी झाली. तिचं खरं नाव काय ठेवायचं यावर लेक-जावयाचं एकमत होईना, म्हणून मी तिला ठकी म्हणायला लागले, आणि तेच चिकटलं. दवाखान्यातून घरी सोडायच्या दिवशी खोलीत एक नर्स आली. उंच, खळखळून हसणारी, खांद्याला ही एवढी पिशवी. तिने लेकीचा फोन मागून घेतला आणि त्यात काहीतरी घातलं.

"रोज सकाळी हा प्रोग्राम तुला विचारेल, आज कसं वाटतंय," ती लेकीला म्हणाली. "पाच चेहरे दिसतील, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. त्यातला एक दाबायचा. मग मिनिटभर बोलायचं, मनात येईल ते. बाळंतपणानंतर काही जणींचं मन खचत जातं. त्यांचं त्यांना कळत नाही आणि घरच्यांच्याही लक्षात येत नाही. यातून आम्हाला जरा लवकर कळतं. काही वाटलं तर मी फोन करेन."

घरच्यांच्या लक्षात येत नाही, हे तिने माझ्याकडे बघून म्हटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो नर्सबाई," मी म्हटलं, "हिला शिंक यायच्या आधी मला कळतं."

"मग तर उत्तमच, काकू," ती हसून म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे वळली. तिच्या त्या हसण्यानेच माझं डोकं जास्त फिरलं.

माझं कपडे अल्टर करायचं दुकान आहे. पँट आखूड करणं, चेन बदलणं, कोट ढिला करणं, असली कामं. लेकीचं घर त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. जावई कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. माणूस सोन्यासारखा, पण शिफ्ट करून घरी येतो तो निम्मं बोलणं तिथेच गोठवून येतो. त्यामुळे घरात बोलणाऱ्या आम्ही दोघीच, आणि खरं सांगायचं तर मी एकटीच. मी दुकान दुपारपुरतं उघडायला लागले आणि सकाळ-संध्याकाळ वर मुक्काम ठोकला. अंघोळ घालणं, लंगोट बदलणं, स्वयंपाक, सगळं माझ्याकडे. जावईबापू म्हणायचे, "आई, तुम्ही आहात म्हणून बरं आहे." मी म्हणायचे, "मग, आहेच मी."

आणि सकाळ झाली की फोन वाजायचा, टुंग. लेक फोन उचलायची, गॅलरीत जायची आणि दार ओढून घ्यायची.

मी तिला रोज विचारत होते बरं का. मी विचारलं, "झोप लागली का गं?" की ती म्हणायची, "बरी आहे." मी विचारलं, "जेवलीस का नीट?" की, "बरी आहे." पोपटासारखं एकच उत्तर. आणि त्या डबड्याने विचारलं की गॅलरीत जाऊन मिनिटंच्या मिनिटं बोलायची. काचेतून मला दिसायचं ना. पाठ माझ्याकडे, मान खाली, आणि ओठ हलतायत. मी पोळपाटावर लाटणं असं आपटायचे, की खालच्या मजल्यावरच्यांनी वर बघावं.

मग फोन यायला लागले. ती उंच नर्स स्वतःच फोन करायची. पहिल्यांदा थोडा वेळ बोलली, मग जास्त, मग तर दूध उतू जाऊन गॅस विझला तरी यांचं संपेना. मी दाराला कान लावला. लाज कसली? माझ्याच लेकीचं घर आहे. पण ऐकू काय आलं, तर "नाही ताई… हो ताई… तसं नाही ताई."

ताई! मी हिला मोठी बहीण दिली नाही, ती हिने फोनमधून आणली. माझ्याशी दोन शब्द बोलणं हिच्या जिवावर येतं आणि त्या परक्या बाईला ताई? नऊ महिने मी हिचे पाय चेपले, हिच्या उलट्या काढल्या, आणि गोडवे त्या पिशवीवालीचे? रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू, रागाने नाही. पोटात तुटलं.

लेक बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. माझं डोकं जाग्यावर असतं तर मी आधी ते बघितलं असतं. पण मला दिसला तिच्या हातातला फोन.

"उद्यापासून ते बोलणं इथे, टेबलाशी बसून करायचं," मी म्हटलं. "माझ्यासमोर."

"आई, ते एकटीने बोलायचं असतं."

"का? माझ्यापासून काय लपवायचंय?"

"काही नाही गं."

"काही नाही ना? मग बस इथे. आई आहे मी तुझी, शेजारीण नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता भांडेल. लहानपणापासून तोंडाला तोंड देणारी पोर ती, मला हरवल्याशिवाय जेवायची नाही. पण ती "बरं" म्हणाली आणि खोलीत जाऊन पडली. मी जिंकले, आणि जिंकल्याचा मला इतका आनंद झाला की ती भांडली का नाही, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या सकाळी टुंग वाजलं. लेक टेबलाशी बसली, मी समोर. तिने फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सगळ्यात हसरा चेहरा दाबला.

"आज छान वाटतंय," ती फोनला म्हणाली आणि थांबली.

"सांग ना, झोप लागते म्हणून," मी म्हटलं.

"झोप लागते."

"आणि ठकी कशी आहे ते सांग."

"ठकी छान आहे. आई आहे मदतीला. सगळं छान आहे."

अगदी असंच मला हवं होतं. रोज तोच हसरा चेहरा, रोज सगळं छान. नर्सचे फोनही बंद झाले. मी मनात म्हटलं, बघा, डबड्याला जे जमलं नाही ते मी करून दाखवलं. बसवली समोर, विचारलं, पोर बरी झाली. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांनाही मी हेच ऐकवलं. आजकाल म्हणे बाळंतिणीला कसं वाटतं ते मशीन सांगतं, घरात माणसं काय मेलीत का? लोक मान डोलवायचे. आपली चेन बसवून घ्यायची असली की लोक कशालाही मान डोलवतात.

आणि ठकी! ठकी माझ्याकडे आली की गप्प. लेकीने घेतली की भोकाड. लेक तिला छातीशी धरून इकडून तिकडे फिरायची, घामाघूम व्हायची, ठकी लालबुंद होऊन ओरडायची, आणि मग लेक माझ्याकडे बघायची. "आई, तू घे." मी घ्यायचे, खांद्यावर टाकायचे, पाठीवर दोन थापा, की ठकी चिडीचूप. "बघ," मी म्हणायचे, "हिला माहितीये कुणाकडे जायचं ते." हे मी रोज म्हणायचे. काय सुख व्हायचं म्हणून सांगू. फोनवाली ताई लेकीला घेऊन जाईल कदाचित, पण नात तर माझी होती, पुरती माझी.

पुढेपुढे ठकी रडायच्या आधीच लेक म्हणायला लागली, "आई, तू घे." मग ती नुसती बसून राहायची, हात मांडीवर ठेवून. मला वाटलं, आराम करतेय. केलाच पाहिजे की आराम.

एका दुपारी मी दुकानात कोटाची शिवण उसवत बसले होते. ठकी बाजूच्या टोपलीत झोपलेली. लेकीला आराम म्हणून हल्ली मी तिला खालीच घेऊन यायचे. दारात सावली पडली, वर बघते तो ती नर्स. पिशवी तीच, पण हसत नव्हती.

"काकू, वर जायच्या आधी तुमच्याशी बोलायचं होतं."

मी कात्री खाली ठेवली नाही. "आता काय राहिलंय बोलायचं? सगळं छान आहे. रोज सांगते ना ती तुमच्या डबड्याला."

"म्हणूनच आले," ती म्हणाली. "आमच्याकडे तिच्या नावापुढे लाल खूण आलीये."

"लाल? अहो, रोज हसरा चेहरा दाबते ती. माझ्या डोळ्यांसमोर दाबते."

"तेच ना. काकू, तान्हं मूल असलेल्या कुणाचंच रोज सगळं छान नसतं. माझंही नव्हतं, तुमचंही नसेल. कधी वर, कधी खाली, असं चालतं. तिचंही तसंच चाललं होतं, उलट खालीखाली चाललं होतं, पण ती बोलत होती. आणि एका दिवशी अचानक सगळं छान झालं. रोज तेच शब्द. आणि आवाज… तो प्रोग्राम आवाजही बघतो. शब्द सुटायला वेळ लागतोय, सूर एकदम सपाट. मी स्वतः बसून ऐकलं ते. त्यात मधून दुसरा एक आवाज येतो. 'सांग ना' म्हणणारा. तो तुमचा का?"

मी अशी भडकले म्हणता! "हो, माझा. आई आहे मी तिची. मी नाही बसायचं तर कुणी बसायचं, तुम्ही? आणि आधी काय बोलत होती ती एवढं? काय सांगितलं तिने तुम्हाला?"

"ते मी नाही सांगणार, काकू. ते तिचं आहे."

"तिचं ते माझंच आहे!"

"नाही ना," ती म्हणाली. आवाज चढवला असता तर मी तिला दुकानाबाहेर काढली असती. पण तिने तो चढवला नाही. "तुमच्यासमोर ती बोलू शकत नाही. तुम्ही वाईट आहात म्हणून नव्हे. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

माझ्या दुकानात कोपऱ्यात एक पडदा आहे, कपडे घालून बघायला. बायको आत गेली की नवरा पडद्याजवळ उभा राहतो आणि विचारतो, बसला का नीट? ती आतून म्हणते, बसला. आणि बाहेर येते ती श्वास रोखून, पोट आत ओढून. म्हणून मी नवऱ्यांना आधी रस्त्यावर हाकलते, मग बाईला विचारते, कुठे काचतंय ते सांगा. इतकी वर्षं मी हे करतेय. आणि माझ्या लेकीच्या पडद्याला नाक लावून मी स्वतः उभी होते, विचारत होते, बसला का, बसला का.

मी कात्री खाली ठेवली. मी एवढंच म्हटलं, "चला वर."

"मी एकटी बोलते तिच्याशी. तुम्ही बाळाला घेऊन खालीच थांबाल?"

मी हो म्हटलं. शटर ओढलं, ठकीला उचललं, आणि थांबले कुठे, तर तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर. आता कान काही घरी ठेवून येता येत नाहीत. लेकीच्या स्वयंपाकघराची खिडकी जिन्याकडे उघडते, आणि त्या दोघी तिथेच बसल्या होत्या.

आधी काहीच ऐकू येईना. मग लेकीचा आवाज आला. पंधरवडाभर ऐकला नव्हता तो आवाज, तिचा खरा आवाज.

"ठकी माझ्याकडे रडते, ताई. आईकडे गप्प होते. आई म्हणते, तिला माहितीये कुणाकडे जायचं. बरोबरच आहे. तिलाही कळलंय की मला जमत नाही. जावंच लागत नाही मला तिच्याकडे. मी नसले तरी इथे कुणाचं काही अडणार नाही."

"स्वतःला काही करून घ्यावं, असं येतं मनात?" नर्सने सरळ विचारलं. असं विचारायची माझी छाती झाली नसती.

"करून घ्यावं असं नाही," लेक म्हणाली. "नसावं, असं येतं. रोज येतं. आईला नका सांगू. तिला वाटतंय मी बरी झाले. किती खूश आहे ती."

मी जिन्यावर बसले. माझं ते रोजचं 'बघ', पाठीवरच्या त्या दोन थापा, मी मिरवत होते ते सगळं तिच्या उरावर एकेक वीट म्हणून चढत होतं. आणि ती वेडी मला खूश ठेवत होती.

"आपण आजच डॉक्टरांकडे जाऊ," नर्स आत सांगत होती. "हा आजार आहे, तुझा दोष नाही. यावर औषध आहे, बोलणं आहे, आणि यातून बाहेर येता येतं. तुझ्या नवऱ्याला विचारू का यायला? तुला चालेल?"

"चालेल."

"मी त्यांना फोन करते, ते तिकडेच येतील. आणि आत्ता बरोबर कोण हवं? आई?"

म्हण हो, मी मनात म्हटलं. म्हण गं बाई, एकदाच म्हण.

"नको," लेक म्हणाली. "आई नको. तुम्हीच चला, ताई."

मी जळले. सगळं कळल्यावरही जळले. वाटलं, आत घुसावं आणि त्या बाईच्या हातातून लेकीला ओढून घ्यावं. माझी पोर आहे, मी नेईन डॉक्टरकडे, मी नेईन जिथे न्यायचं तिथे. उठलेसुद्धा. आणि ठकी खांद्यावर हलली, म्हणून मी तिच्या पाठीवर थापटायला हात उचलला आणि तो हात तसाच थांबला.

दार उघडलं. लेकीने मला जिन्यात उभी बघितली आणि तिचा चेहरा पडला. मी सगळं ऐकलंय, हे तिला कळलं. नर्सने तिच्या कोपराला धरलं होतं. लेकीची नजर माझ्यावरून ठकीवर गेली. ठकी माझ्या खांद्यावर गाल टेकून निवांत, शहाण्यासारखी. लेक ते बघत राहिली, आणि मग तिने नजर काढून घेतली.

"आई, तू आहेस ना तिच्याजवळ," ती म्हणाली. "मग ठीक आहे." आणि जिना उतरायला लागली.

मी ठकीच्या पायाला चिमटा काढला. जोरात नाही. पण काढला, देवाशप्पथ काढला.

ठकीने असा टाहो फोडला की नर्ससुद्धा दचकली. मी तिला खांद्यावरून काढली, उगाच हलवली, वाट्टेल तशी धरली. ती आणखी किंचाळली.

लेक दोन पायऱ्या परत चढली. "काय झालं तिला?"

"मला काय माहीत!" मी म्हटलं. "राहतच नाही हल्ली माझ्याकडे. तू दिसेनाशी झालीस की अशीच करते. दुकानात सगळी गिऱ्हाइकं पळून जातात हिच्यामुळे."

"तुझ्याकडे रडते?"

"मग काय! तुला त्रास नको म्हणून बोलले नाही. मी काय हिची आई आहे का?"

लेक माझ्याकडे बघत होती. लहानपणी माझी थाप पकडायची तशीच बघत होती, आणि पकडली की नाही, मला कळलं नाही. तिने नर्सला विचारलं, "तिथे बाळाला नेता येतं?"

"येतं की," नर्स म्हणाली.

लेकीने हात पुढे केले. मी ठकीला त्या हातांत दिलं, आणि माझा हात तिच्या डोक्याखाली जरा जास्तच वेळ राहिला. ठकी तिच्याकडेही रडतच राहिली. पण या वेळी लेकीने माझ्याकडे बघितलं नाही. तिने बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि नर्सचा आधार घेत सावकाश उतरायला लागली.

मी कठड्यावरून वाकून ओरडले, "टोपी घाल तिला! वारा आहे बाहेर!"

ठकीचं रडणं खालपर्यंत ऐकू येत होतं, आणि त्या रडण्यावर आवाज चढवून माझी लेक बोलत होती, थांबत नव्हती, एकामागून एक काहीतरी सांगत होती. माझ्याशी नव्हे, त्या ताईशीही नव्हे, ठकीशी.